गणपतभाऊंचा मोकळा हात

बाजाराच्या दिवशी गणपतभाऊ नाकेदार लांबून येताना दिसले की जिलबीवाला कढईखाली आणखी एक लाकूड सारायचा. त्याचा अंदाज कधी चुकला नाही. भाऊ खाकी सदऱ्याच्या बाह्या वर सारत यायचे, समोर दिसेल त्याला हाक मारायचे आणि जिलबीचे द्रोण वाटत सुटायचे. ओळखीचा असो, परका असो, कालच ज्याची चोरीची लाकडं पकडली तो का असेना. कोणी संकोचला तर म्हणायचे, "घे न गा, लाजतं काऊन? आपल्या बापाची टाकसाळ आहे!"

बाप कोणाच्या तरी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, राबता राबता गेलेला. टाकसाळ कुठली?

माझी त्यांची पहिली भेट त्या जिलबीच्या दुकानापुढेच झाली. नागभीडपासून बैलगाडीच्या वाटेवरच्या त्या गावात, जंगल खात्याच्या कचेरीत मी बाबू म्हणून नुकताच रुजू झालो होतो. मी मूळचा चांद्याचा, म्हणजे आताच्या चंद्रपूरचा, एकटा जीव आणि पक्का चिक्कू. जळती काडी विझवायच्या आधी तिच्यावर आणखी काय पेटवता येईल याचा विचार करणारा. भाऊंनी न विचारताच माझ्या हातात द्रोण ठेवला. मी खिशाकडे हात नेला तर डोळे वटारले. "बाबू, तुम्ही आमचे पाहुने. पैशाचं नाव काढाल तं जंगलात नेऊन सोडून देईन!" मी मुकाट्याने खाल्ली. खरं सांगायचं तर दुसऱ्या बाजारालाही मी त्याच सुमारास तिथून जाईन अशी व्यवस्था केली.

नाकेदार म्हणजे जंगलाच्या एका तुकड्याचा राखणदार. या कामात भाऊंच्या हाताला डाग नव्हता. ठेकेदाराचा चहासुद्धा घेत नसत. म्हणायचे, "सरकारी झाडाले हात लावनं म्हंजे मायच्या दागिन्याले हात लावनं." पण स्वतःच्या पगाराच्या बाबतीत त्यांची राखण शून्य. पगार आला की आठवड्याभरात त्याची वासलात लागायची आणि मग सुभद्राबाई, त्यांची बायको, पदराखाली सूप लपवून शेजारी तांदूळ मागायला जायची. भाऊंना त्याचं काही वाटत नसे. "पैसा म्हंजे नदीचं पानी गा. अडवलं का सडते."

त्यांची मुलगी कमल चौथी पास झाली होती. गावची शाळा चौथीलाच संपायची. पुढे शिकायचं तर चांद्याला मुलींच्या वसतिगृहात राहायला हवं. भाऊंनी तिला शब्द दिला होता, आणि तो भर बाजारात सगळ्यांना सांगूनही झाला होता. जून उजाडला तेव्हा घरात वसतिगृहाचे पैसे सोडा, गाडीभाड्याचेही नव्हते. ते आदल्या मंडईतच संपले होते. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, लेकीबाळी आणि सोयरेधायरे घरी येतात, खाणंपिणं होतं. भाऊंच्या घरी मात्र आल्यागेल्याला लुगडी-धोतरंही मिळायची. कमल आईबरोबर धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, जाऊ लागली. पुढच्या जूनलाही जमलं नाही तर तिचं लग्न ठरणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सुभद्राबाई एकदा कचेरीत आली. म्हणाली, "बाबू, कमलचे बाबा तुमचं ऐकते. सांगा न कायतरी. पोरगी तोंडानं बोलत नाई, पन दुसऱ्याईच्या पोराईचे पुस्तकं आनून वाचून राह्यली."

त्या आठवड्यात मी भाऊंबरोबर कुपात गेलो. कूप म्हणजे त्या वर्षी तोडायचा जंगलाचा भाग. त्यातही काही झाडं राखायची असतात, त्यांच्या बुंध्याला गेरूचा पट्टा मारतात. पट्टा मारलेल्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, मग कोणी काही म्हणो. भाऊ पट्टे मारत होते. मी म्हटलं, "भाऊ, कमलसाठी हात जरा आखडला तर काय बिघडेल?"

"हात आखडला का मानूस आखडते बाबू."

त्यांनी गेरूत कुंचा बुडवला. मग सागाच्या बुंध्याकडे तोंड करूनच सांगू लागले. "मी कमलएवढा होतो. गावजेवनात बसलो. माह्या बापानं वर्गनी नोती देल्ली. वाढनारा माह्यापाशी आला अन् म्हने, ऊठ. पत्रावळीवर भात पडला होता गा! सारे पाहून राह्यले होते. तवाच ठरवलो, खिसा खाली झाला तरी चालन, पन लोकं आपल्या भवताल पाह्यजे. ज्या दिवशी हा खिसा बंद होईन, त्या दिवशी हे समदे उठून जातीन."

बोलले हसत हसत. पण एकाच झाडाला त्यांनी दोन पट्टे मारले होते. काटकसरीवर दोन गोष्टी सुनवायच्या म्हणून गेलो होतो, त्या तशाच घेऊन परत आलो.

त्या वर्षी मंडईच्या तोंडावर पगारच आला नाही. चांद्याहून पैसे घेऊन येणारा माणूस वाटेत तापाने पडला. मंडईच्या दिवशी सकाळी भाऊंनी सणाचे कपडे न घालता खाकी चढवली आणि कोणाला न सांगता जंगलाकडे निघून गेले. दुपारी सुभद्राबाईने मला पाठवलं. भाऊ नाल्याच्या काठी, मोहाच्या झाडाखाली बसले होते. इतका उंचापुरा माणूस, पण गुडघे पोटाशी घेऊन बसलेला.

"मी नाई येत बाबू. जिलबी नाई, लुगडं नाई. कोनत्या तोंडानं जाऊ? आले असतीन अन् गेलेही असतीन."

"कोणी गेलेलं नाही," मी म्हणालो. "चला तर खरं."

पगार रखडल्याची बातमी भाऊंच्या आधीच सोयऱ्यांच्या गावी पोचली होती. त्यांच्या थोरल्या बहिणीने तांदळाचं गाठोडं आणलं होतं, कोणी पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा, कोणी वड्यांसाठी उडदाची डाळ. ज्याची लाकडं भाऊंनी पकडली होती, त्याने तर पत्रावळ्यांचा भाराच आणून टाकला होता. त्यासाठी पळसाची पानं कुठून तोडली, हे त्या दिवशी कोणीच विचारलं नाही. आम्ही अंगणात शिरलो तेव्हा पत्रावळ्या मांडलेल्या, भात निवत चाललेला आणि माणसं भिंतीला टेकून उभी. बहीण खेकसली, "कुठी गेल्ता रे गनपत? भात थंडा होऊन राह्यला! तू बसल्याबिगर कोन बसन?"

त्यांना मधोमध बसवलं. नवा कपडा कोणाच्याच अंगावर नव्हता आणि हसण्या-खिदळण्याला तर खळ नव्हता. भाऊ मात्र पत्रावळीवरचा भात नुसता चिवडत होते. पाहुणे मंडईत फिरायला गेले तेव्हा ते माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "बाबू, मी याईले आजपावतर विकत घेऊन राह्यलो होतो. अन् हे तं फुकटातच माहे होते."

उपदेशाने जे झालं नसतं ते त्या वाक्याने झालं. पुढचा पगार हातात पडला तेव्हा भाऊंनी कचेरीतून चिमूटभर गेरू मागून नेला आणि घरातल्या एका मडक्याला पट्टा मारला. "हे झाड राखीव. आता याले कुऱ्हाड नाई." पण अतिउत्साही माणूस! पट्टा मारला म्हणून जवळजवळ सगळा पगारच त्यात कोंबला. घरात मीठ संपलं, तेल संपलं, तरी भाऊ मडक्याला हात लावू देईनात. शेवटी सुभद्राबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "पुरं जंगल राखलं तं चूल कायच्यावर पेटवाची? कुपात समद्याच झाडाईले पट्टा मारता का तुमी?" भाऊ खजील झाले. तेव्हापासून पगार आला की सुभद्राबाईसमोर बसून ठरायचं, तोडायचं काय आणि राखायचं काय.

बाजारात मात्र त्यांची खरी कसोटी लागली. पहिल्यांदा जिलबीवाल्याने हाक मारली तेव्हा मी शेजारीच होतो. भाऊंचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. "आज नाई गा," एवढंच म्हणाले आणि घाबऱ्या नजरेने इकडेतिकडे पाहिलं. कोणी उठून गेलं नाही. एक म्हातारा तर त्यांच्या हाताला धरून सावलीत घेऊन गेला आणि नातवाच्या तापाची हकिकत सांगत बसला. भाऊ मान डोलावत ऐकत होते. असं निवांत ऐकताना मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं, वाटण्याच्या गडबडीत त्यांना तेवढी सवडच नसायची.

भाऊंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते हात राखायला शिकत होते तेव्हा मी त्यांच्याकडून हात सोडायला शिकलो. माझ्या घरी आज चार माणसं संकोच न करता येऊन जेवतात, ती त्यांची कृपा. माझी बायको म्हणते, तो माणूस भेटला नसता तर तुमच्याशी संसार करणं कठीण होतं. खोटं नाही.

त्या मंडईनंतरच्या जूनला आम्ही कमलला पोचवायला नागभीडच्या ठेसनावर गेलो. वसतिगृहाचे पैसे आधीच भरून झाले होते. सुभद्राबाई तिच्याबरोबर चांद्यापर्यंत जाणार होती. नवी ट्रंक मांडीवर घेऊन पोरगी खिडकीत बसली होती. ट्रंक खाली ठेव म्हटलं तरी ठेवेना. छोटी गाडी धूर सोडत हलली. कमल हात हलवायचं विसरून बापाकडे नुसती पाहत राहिली. गाडी दिसेनाशी झाली तरी भाऊ रुळांकडे तोंड करून उभे होते. मग पाठमोरेच म्हणाले, "बाबू, आजपावतर पैसा नुसता उडवलो. खर्च तं आज केलो."