इंद्राच्या रथाचा घोडा

मी पौडला मास्तर असताना तिथल्या टांगेवाल्याचा घोडा मेला आणि त्याच्या धाकट्या पोरीनं अन्न सोडलं. तिची समजूत घालायला लोकांनी लग्नात मंगलाष्टकं म्हणणारा कवी आणला. त्याचं नाव मी विसरलो, जरी प्रत्येक कडव्यात त्यानं ते गुंफलं होतं. चालही मंगलाष्टकाचीच, दोघा म्हाताऱ्यांनी सवयीनं अक्षतांसाठी हात पुढे केले. घोडा स्वर्गात इंद्राच्या रथाला जुंपला, असं गाऊन कवी मफलर सावरत दादेची वाट पाहू लागला.

“तितं बी गाडीच वढायची व्हय त्यानं?” पोरीनं विचारलं.

कवी पहिल्यांदाच चाल सोडून बोलला, “न्हाई गं बाय. तितं नुसतं हिरवं गवात हाय.”

“मंग तेवढंच म्हना की.”

त्यानं म्हटलं. त्या ओळीत त्याचं नाव नव्हतं.