पुतणीचं पांढरं कापड आणि माझं वार्निश

मुखेडात जळालेली मोटार भरायची म्हणलं की लोक माझं दुकान दाखवतात. शाळा माझी चौथीपर्यंतच. पण विहिरीवरची मोटार उघडली की ओल कुठून शिरली ते मी वासावरून सांगतो. तांब्याच्या वेढ्यांत कागद घालायचा, वार्निश पाजायचं, भट्टीत वाळवायचं. इन्सुलेशनमधलं मला कुणी शिकवावं असा माणूस तालुक्यात न्हाई, हे मी चारचौघांत बोलून दाखवायचो.

मग धाकट्या भावाची पोरगी नांदेडला विद्यापीठात नेमक्या ह्याच कामाला लागली. दिवाळीला आली तेव्हा डबीत तळहाताएवढं पांढरं कापड होतं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. तिनं वर पाण्याचा थेंब सोडला. थेंब मण्यासारखा गोल बसला आणि घरंगळून गेला. कापड कोरडं.

"काका, ह्याचे धागे डोळ्याला दिसत न्हाईत. मोबाईलच्या अँटिनात घालायचं. लहरी लई वेगाच्या असतात, साध्या इन्सुलेशनमध्ये मुरून वाया जातात. ओल धरली तर इचारूच नका."

भाऊ सगळ्यांसमोर म्हणला, "दादा, आता इन्सुलेशनचं काही अडलं तर पोरीला इचारत जा."

घर हसलं. ह्याच भावाला मी दुकानात वर्षभर ठेवला होता, साधा वेढा मोजता आला न्हाई त्याला. मी पण हसलो, पण आतून लई जळलो.

दुसऱ्या दिवशी ती मावशीकडं गेली आणि मी डबी दुकानात नेली. बिनवार्निशचं इन्सुलेशन म्हणजे आमच्या धंद्यात कच्चा माल. वाटलं, एवढी शिकली आणि हेच विसरली. कापड वार्निशात बुडवलं. पाण्याला न जुमानणारं कापड वार्निश मात्र गटागटा प्यालं. भट्टीतून पापडासारखं कडक निघालं. इन्सुलेशन तपासायचा मेगर लावला तर काटा एकदम वर. मला कोण आनंद!

"काका, हे काय केलंत?" परत आल्यावर डबी उघडून ती खालीच बसली.

"पक्कं केलं. मेगर लाव की."

"मेगरचं काम न्हाई हो हे. लहरी वाया जाऊ न द्यायचं काम धाग्यांच्या मधली हवाच करत होती. तुम्ही भोकंन् भोक बुजवलं. सोमवारी सरांसमोर मोजायचं होतं."

जेवताना भावानं कापडाचं विचारलं. ती मान खाली घालून म्हणली, "माझ्याच हातून खराब झालं, पप्पा." भाऊ तिच्यावर चिडला, वेंधळी म्हणला. मला गप बसता आलं असतं. पण तिनं मला पदराखाली घेतलं, हे तिच्या शिक्षणापेक्षा जास्त झोंबलं.

"मी बुडवलं वार्निशात," मी म्हणलो. "मला कळलं न्हाई."

साठ वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. भाऊ हसंल म्हणून मी वाट बघत होतो. त्यानं माझ्या ताटात भाकरी वाढली, आणि तेच मला अजून सहन होत न्हाई.