मैदान आखणाऱ्या मुली

अकोल्याजवळच्या आमच्या गावच्या शाळेत खो-खोचं मैदान आम्ही मुलीच तयार करायचो. शाळा सुटली की पाणी मारायचं, सुतळी ताणून फक्कीच्या रेषा ओढायच्या. मग खेळाचे सर शिट्टी वाजवायचे. मी दहावीत होते. पुढे घरचे खेळू देणार नाहीत, हे ठाऊक होतं. एकदा विभागीय सामन्यात उतरायचं, एवढंच मनात होतं.

त्या जूनमध्ये अकोल्याच्या एका क्रीडा मंडळाच्या सहा मुलींची नावं आमच्या शाळेत दाखल झाली. वर्गात त्या क्वचितच दिसायच्या. सराव मंडळात, सामन्याला मात्र टी-शर्ट आमच्या शाळेचा. खेळायच्या आमच्यापेक्षा कितीतरी सरस. जिल्ह्यात आम्ही पहिल्या आलो आणि मी राखीव झाले.

अमरावतीला अंतिम सामन्यात आमची एक मुलगी लंगडत बाहेर आली. सरांनी राखीव मुलींकडे पाहिलं. मी उठून उभीच राहिले. तेवढ्यात दोरीपलीकडून मंडळात सराव घेणारे दादा ओरडले, "सर, तिले नका उतरवू! आमच्या पोरीयचे इशारे तिले समजत नाहीत."

सरांनी माझ्यावरून नजर काढली. मग मंडळाचीच राखीव मुलगी उतरवली. आम्ही जिंकलो.

परतताना गाडीत मंडळाची एक मुलगी शेजारी बसली.

"काहून वं, जिंकलो तरी तोंड पाडून बसली?"

"तुमी तुमच्या आधीच्या शाळेकडून काहून नाही खेळत?"

"आमच्या शाळेले मैदान कुठी हाय? खाली दुकानं, वर वर्ग. गिऱ्हाइकाले खो देऊ का?"

ती हसली आणि अर्धी कचोरी माझ्या हातावर ठेवली. राग कुणावर काढायचा, तेच मग कळेना.

याच सरांनी पुढे बाबांना समजावून मला कॉलेजात घातलं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. त्यांच्याविषयी हे लिहिताना हात अडतो. पण त्या दिवशी त्यांनी दादांचं ऐकलं, मला काही विचारलं नाही, हेही खरंच.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मैदानावर आम्ही जुन्याच मुली होतो. सरांनी सुतळीचं एक टोक धरलं.

"धर वं बाई. ताण."

"सर, आता कोणासाठी आखायचं?"

सरांनी आपलं टोक जमिनीला टेकवलं. पलीकडे सातवीच्या मुली पाण्याच्या बादल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यातली कोण खेळणार, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. मी सुतळी ताणून धरली.