रिकामी खुर्ची

जेवण सोडलेल्या मुलांना परभणीतल्या एका दवाखान्यात दर शनिवारी आईबापांसोबत एकत्र जेवायला बसवत. माझी मुलगीही त्यात होती. मानवतहून एक गृहस्थ लेकीला घेऊन येत. तिनं भाकरी नुसती हातात धरली, तरी यांचं रिकामं तोंड चावू लागे. मग आवंढा गिळून ते म्हणत, “खायलीय, लय छान खायलीय.”

एकदा ते एकटेच आले. शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढं त्यांनी ताट मांडलं आणि तोंडात काही नसताना चावत राहिले.

“पोरगी कुठंय?” मी विचारलं.

“औरंगाबादला भरती केलीय. तिकडं खायलीय.”

माझ्या मुलीनं भाकरीचा तुकडा त्यांच्या ओठांशी नेला. त्यांचं चावणं थांबलं, पण तोंड उघडेना. तेव्हा त्यांच्यावरची नजर न हलवता तिनं तो तुकडा स्वतः खाल्ला.