बिघडलेला तास

आमच्या शाळेत नव्या पर्यवेक्षिका आल्या, त्या वर्षी मला गणित शिकवायला लागून एकोणीस वर्षं झाली होती. खांदेश्वरच्या या माध्यमिक शाळेत नववी-दहावीचं गणित म्हणजे मीच, असं सगळे धरून चालत. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई. पालक मुद्दाम येऊन सांगत, "मॅडम, आमच्या मुलीला तुमच्याच तुकडीत घ्या." मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू?

तासाचं निरीक्षण ही आमच्याकडे उरकून टाकायची गोष्ट होती. वर्षातून दोनदा कुणीतरी वर्गात मागे येऊन बसायचं, लॉगबुकात 'फलकलेखन सुंदर, वर्गनियंत्रण उत्तम' असं लिहायचं आणि आपण खाली सही करायची. नव्या मॅडम माझ्या नववीच्या तासाला आल्या तेव्हा मी त्याच सहीच्या तयारीत होते. त्या पन्नाशीच्या, बुटक्या, मूळच्या इतिहासाच्या शिक्षिका. उलव्याहून स्कूटीवर यायच्या. हेल्मेट बाकाखाली ठेवून त्या शेवटच्या बाकावर बसल्या आणि पूर्ण तासभर एका कागदावर काहीतरी करत राहिल्या.

तास संपल्यावर त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. त्यावर वर्गातल्या बाकांचा नकाशा काढला होता. ज्या मुलानं तासात तोंड उघडलं, त्याच्या जागेवर एक रेघ. खिडकीकडच्या पुढच्या तीन बाकांवर रेघांची दाटी झाली होती. दाराकडची अख्खी रांग कोरी.

"शेरा काय लिहिलात?" मी विचारलं.

"मला गणितातलं काय कळतंय? मी आपली रेघा मारत बसले."

मला राग आला. दाराकडची मुलं बोलत नाहीत, त्यात माझा काय दोष? घरी जेवतानाही माझ्या डोक्यात तेच. दुसऱ्या दिवशी त्या स्टाफरूममध्ये माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "चौथ्या तासाला मोकळ्या आहात ना? आठवी ब मध्ये माझा तास आहे, या. पण आधीच सांगते, खास काही करणार नाही. रोज घेते तसाच घेणार."

मी गेले. मनात म्हटलं, बघूच आता.

धडा मिठाच्या सत्याग्रहाचा होता. मॅडमना सगळं तोंडपाठ. त्या बोलत राहिल्या, बोलत राहिल्या, फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी वहीवर डोकं टेकून चक्क झोपली. घंटा झाली तेव्हा मलाच सुटल्यासारखं वाटलं.

"सांगा," जिन्यात थांबून त्या म्हणाल्या.

"छान झाला तास."

त्या हसायला लागल्या. "अहो, ती मुलगी झोपली होती. आणि तुम्ही दोनदा घड्याळ बघितलंत. खरं सांगा, कुठे बिघडलं?"

मी चाचरत म्हणाले, "तुम्ही मुलांना जवळजवळ प्रश्नच विचारला नाहीत. जो एक विचारलात तोही उत्तरासकट."

त्यांनी मान डोलावली, हेल्मेटमध्ये ठेवलेल्या डायरीत ते लिहून घेतलं आणि "थँक्यू" म्हणून निघून गेल्या. मी जिन्यातच उभी. इतक्या वर्षांत कुणी मला असं विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

पण खरी गोष्ट पुढच्या दिवशी घडली. मी दहावीकडे चालले होते आणि आठवी ब चं दार उघडं होतं. मॅडम मुलांना सांगत होत्या, "काल माझा तास बिघडला. तुम्हाला काही कळलं नसणार. आज पुन्हा घेते. आधी मला सांगा, काल कुठपर्यंत कळलं?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. शिक्षकानं आपला तास बिघडला म्हणणं मुलांनी कधी ऐकलेलं नव्हतं. मग मागून एक मुलगा उठला. "टीचर, समुद्रावर जाऊन मूठभर मीठच उचललं ना? त्यात कायदा काय मोडला?"

मॅडमनी खडू खाली ठेवला. "हाच प्रश्न मी काल विचारायला हवा होता. बस, आपण तिथूनच सुरुवात करू."

मी दारातून पुढे गेले, पण माझे कान तिथेच राहिले होते. त्यांच्या जागी मी असते तर जीभ चावली असती, पण मुलांसमोर हे बोलले नसते. त्यांना मात्र त्यात काही गमावल्यासारखं वाटत नव्हतं.

त्या आठवड्यात मी प्राथमिक विभागाच्या कपाटातून जुन्या पाट्या मागून आणल्या. नववीची मुलं फिदीफिदी हसली. "टीचर, आम्ही बालवाडीत आहोत का?" मी म्हटलं, "आजपासून हात वर करायचा नाही. प्रत्येकानं उत्तर पाटीवर लिहायचं आणि मी सांगितलं की पाटी वर धरायची." सुरुवात म्हणून अगदी सोपं गणित घातलं: वजा तीन वजा पाच.

पाट्या वर झाल्या. निम्म्याहून जास्त पाट्यांवर अधिक आठ लिहिलेलं. खिडकीकडच्या हुशार मुलांच्यासुद्धा.

"अधिक कसं आलं?" मी विचारलं.

पूर्ण वर्ग एका सुरात म्हणाला, "मायनस मायनस प्लस!"

हे माझंच वाक्य होतं. गुणाकारासाठी शिकवलेलं, मी स्वतः त्यांच्याकडून टाळ्या वाजवून घोकून घेतलेलं. ते कुठे लावायचं आणि कुठे नाही, हे सांगितलं होतं असं मला वाटत होतं. एकोणीस वर्षांत किती जणांनी ते असंच चुकीच्या जागी लावलं असेल, हे मी मनात मोजू लागले.

दाराकडच्या रांगेत एका पाटीवर वजा आठ होतं. ती उरणकडच्या एका गावातून येणारी मुलगी. वर्षभरात मी तिचा आवाज हजेरीपलीकडे ऐकला नव्हता. मी तिला म्हटलं, "कसं केलंस, सांग ना."

ती उभी राहिली, पण बोलेना. मी थांबले. एरवी मी कधी थांबत नसे. मग ती हळूच म्हणाली, "टीचर, खाडीचा पानी खांबावरच्या खुनेच्या तीन हात खाली हाय. अजून पाच हात उतरला. मग आठ हात खालीच र्‍हानार ना? वर कसा येल?"

दोघं-तिघं हसले, तिच्या बोलण्याला. पण खिडकीकडचा माझा पहिला नंबर हसला नाही. तो आपल्या पाटीकडे बघत होता. त्यानं रुमालानं अधिकाची उभी रेघ पुसली.

मी वर्गाला म्हणाले, "हे मी तुम्हाला नीट शिकवलं नव्हतं. चूक माझी आहे. आज पुन्हा शिकवते, आणि ती म्हणाली तसंच शिकवते." पण आभाळ काही कोसळलं नाही. उलट त्या दिवशी तास संपल्यावर पाच-सहा मुलं टेबलाभोवती आली आणि आपापले अडलेले हिशोब दाखवू लागली. एवढी मुलं याआधी कधी आली नव्हती.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. विज्ञानाचे एक ज्येष्ठ सर अजूनही आपल्या तासाला कुणाला बसू देत नाहीत. मॅडमनी त्यांना कधी सक्ती केली नाही. त्या फक्त इतरांच्या वर्गात जात राहिल्या आणि इतरांना आपल्या वर्गात बोलवत राहिल्या. ती उरणकडची मुलगी दहावीला पास झाली, भूमितीत जेमतेम. दाराकडची रांग अजूनही अधूनमधून गप्प होते. तेव्हा मला कळतं की आज मीच फार बोलले.

आता शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही गणिताच्या तिघीजणी प्रयोगशाळेत बसून पुढच्या आठवड्याचे तास ठरवतो. मॅडमही येतात. म्हणतात, "मला समजलं तर मुलांना समजेल." मागच्या शनिवारी त्यांनी वर्गसमीकरण सोडवलं, सपशेल चुकवलं, आणि कागद आमच्याकडे सरकवत म्हणाल्या, "सांगा, मला असं का वाटलं असेल?" आम्ही तिघी त्यावर अर्धा तास भांडलो. तेवढ्यात मागवलेले वडापाव गार झाले.