मापापुरती बोटं

गोंदियाकडचा दगड फार जुना. तो घडला तेव्हा डोळ्यांना दिसेल असा जीवच पृथ्वीवर नव्हता, त्यामुळे त्यात ना शंख सापडत, ना पान. आमच्या कॉलेजातले सगळे जीवाश्म बाहेरगावचे, सहलींतून पोत्यांत भरून आणलेले. ती पोती वाहिली प्रयोगशाळेतल्या मामांनी. शिपाई म्हणून लागलेला तो देवरीकडचा माणूस. विद्यार्थी मामा म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

त्यातले नऊ तुकडे मोलाचे होते. माझ्या आधी भूशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी ते चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीत, तळाच्या थरापासून वरपर्यंत एकेक करून काढलेले. प्रत्येकावर जिभेसारख्या लांबट पानाचा ठसा. नवख्याला नऊही सारखे दिसतात, पण थरागणिक पानांच्या शिरा थोड्या बदलतात. कोणतं पान कोणत्या थरातलं हे ठाऊक असलं, की दुसऱ्या खाणीत तेच पान दिसताच सांगता येतं, आपण किती जुन्या थरापाशी उभे आहोत. ठाऊक नसलं, तर तो तुकडा दाराला अडसर म्हणून लावायच्या कामाचा. तुकड्यांवर एक ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या आणि कोणता आकडा किती खोलीचा, ते रजिस्टरात लिहिलेलं होतं.

मी नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्याच वर्षी तपासणीची समिती येणार होती. मला स्वच्छतेचा भारी सोस. मामांना म्हटलं, सगळे नमुने साबणाच्या पाण्यात टाका आणि ब्रशनं घासा.

"दगडाले कायची घाण, मॅडम? चिठ्ठ्या निंगून जातीन."

"तुम्ही मला शिकवू नका," मी म्हणाले.

त्यांनी घासले. समितीनं कपाट उघडलंसुद्धा नाही; आलूबोंडे खाल्ले, चहा प्यायला आणि गेली. बादलीच्या तळाशी कागदाचा लगदा तेवढा उरला. मी तोंड पाडून बसले, तेव्हा मामाच म्हणाले, "माह्या ध्यानात हाये सारं. सरानं एकेक हातात देल्ला, मीच पेपरात बांधला. एक दिवस बसू, लिहून घ्या."

तो एक दिवस मी वर्षानुवर्षं पुढे ढकलला. वेळ नव्हता वगैरे सगळं खोटं. शिपायासमोर वही घेऊन बसायचं म्हणजे चूक कबूल करायची, आणि ते माझ्या नाकाला झोंबायचं. दरवर्षी मी ते तुकडे अंदाजानं टेबलावर मांडायची आणि मुलांना ठासून सांगायची, हा तळाचा, हा वरचा. मामा दाराशी उभे राहून बघायचे. एका शब्दानं कधी बोलले नाहीत.

त्यांच्या गालात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. निवृत्तीला वर्ष उरलं असताना तोंड उघडेनासं झालं. नागपूरला नेलं, अर्धा जबडा काढला, जीभही काढली. काही महिन्यांनी कळलं, आता काही होण्यासारखं नाही म्हणून घरी पाठवलंय. ते ऐकल्यावर मला आधी नऊ दगड आठवले आणि नंतर माणूस.

पेपरात गुंडाळलेले तुकडे पिशवीत घालून मी देवरीची बस धरली. त्यांच्या बायकोनं दारातच पिशवीकडे पाहिलं. "काय आणलं?" मी सांगितलं.

"माणूस मरून राह्यला अन् तुमी गोटे घेऊन आल्या?"

मी परतच फिरणार होते, पण आतून मामांनी खाटेच्या पाटीवर हात आपटला आणि मला बोलावलं.

नाकात नळी, गालाला पट्टी. बायकोनं पाठीला आधार देऊन बसवलं. एकेक तुकडा हातात घेऊन त्याच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि पायथ्यापासून उशीकडे ते गोधडीवर मांडत गेले. पायाशी तळाचा थर. एका ठिकाणी दोन तुकड्यांची अदलाबदल केली, थांबले, पुन्हा पहिल्यासारखे ठेवले. मी मोबाइलवर फोटो काढत होते. दगडाच्या फोटोत मापासाठी शेजारी काहीतरी लागतं, नाहीतर तो सुपारीएवढा की घराएवढा ते कळत नाही. मी मोजपट्टी विसरले होते. मामांनी न सांगता प्रत्येक तुकड्याला दोन बोटं टेकवली. सहलीत सरांसाठी ते असंच करायचे. नववा झाला आणि ते आडवे झाले. मग मला सुचलं विचारायचं, फार दुखतं का. तोवर त्यांचे डोळे मिटले होते.

पंधरवड्यात ते गेले. मी घरी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं विचारलं, "मॅडम, ह्यायचा बिमारीच्या आधीचा फोटो हाये का कॉलेजात? घरच्या फोटोत तोंड सुजलेलंच हाये. भिताडावर लावाले चांगला पायजे."

"असणारच," मी म्हणाले. "इतक्या सहली झाल्या."

दुसऱ्या दिवशी विभागातले सगळे अल्बम काढले. मुलं रांगेत उभी, मधोमध आम्ही शिक्षक, मागे खाण नाहीतर नदी. मामा एकाही फोटोत नव्हते. प्रत्येक वेळी कॅमेरा आम्ही त्यांच्याच हातात दिला होता. मोबाइल चाळला. नऊ फोटो, नऊ दगड आणि कडेला दोन बोटं.

दगडांवर आता नव्या चिठ्ठ्या आहेत. वर्गात मी बरोबर शिकवते.

त्यांच्या बायकोला फोन करून सांगितलं, की चेहरा कुठेच नाही, नुसती बोटं आहेत, त्या गोट्यांपाशी टेकवलेली.

ती म्हणाली, "मंग बोटायचाच फोटो पाठवा."