सेवेरोचा पाचवा वार

सांगायला लाज वाटते, पण सांगतो. सेवेरो आमच्या गावचा खाटीक. ऑगस्टच्या जत्रेत वळूंच्या झुंजी होतात, तिथं मात्र त्याचं काम वेगळं. वळूशी झुंजणाऱ्या मॅटाडोरची तलवार खाऊन वळू गुडघ्यांवर बसला, की सेवेरोनं मागून यायचं आणि मानेत आखूड सुरी मारून त्याला संपवायचं. टाळ्या मॅटाडोरला, रक्त सेवेरोच्या बाह्यांवर. अठ्ठावीस वर्षं त्यानं हे केलं आणि आपणहून त्याबद्दल एक शब्द काढला नाही. दुकानात कोंबडीसुद्धा तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत कापत नसे.

गेल्या वर्षी हात चुकला. सुरी नीट बसली नाही आणि मरायला टेकलेला वळू पुन्हा उठून उभा राहिला. आमच्यात याहून मोठी बेअब्रू नाही. सेवेरोनं परत वार केला, वळू परत धडपडला. तेव्हा मी, झुंजीच्या मंडळाचा अध्यक्ष, बाकावर चढून मोजायला लागलो. दोन. तीन. सगळं मैदान माझ्यामागून ओरडायला लागलं. पाचव्या वाराला वळू पडला. मॅटाडोरचं बक्षीस हुकलं आणि सेवेरोचं नाव पडलं 'उठव्या'. लोक दुकानात शिरताना विचारायचे, आजचं मटण नक्की मेलंय ना? तो बापडा हसून तोलून द्यायचा. वळूचे काय हाल झाले असतील, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्या तर नाहीच नाही.

या वसंतात गावानं सभा बोलावली. झुंजी ठेवायच्या की बंद करायच्या, एकदाचं ठरवायचं. शाळेत नव्यानं आलेल्या एल्विराबाई बंदीच्या बाजूच्या. जनावर हालहाल होऊन मरतं, असं त्या घरोघर सांगत होत्या आणि लोक ऐकत होते. आमच्या मंडळाचं धाबं दणाणलं. मी सेवेरोकडे गेलो. म्हटलं, सभेत उभा राहा आणि सांग, एका वारात काम होतं, जनावराला कळतसुद्धा नाही. तुझं ऐकतील, कारण तू कधी खोटं बोलत नाहीस. तो कितीतरी वेळ फळी पुसत राहिला.

सभेला मात्र आला, लग्नातला कोट घालून. उभा राहिला, खाली बघत म्हणाला, "एक वार. बहुतेक वेळा एकच."

टाळ्या पडल्या. एल्विराबाईंनी आवाज न चढवता विचारलं, "आणि गेल्या ऑगस्टात किती, सेवेरोकाका?"

मैदानात घसा बसेपर्यंत वार मोजणारी माणसं ती, पण एकाचीही जीभ उचलेना. सेवेरोचे ओठ नुसते हलले. मग त्यानं माझ्याकडे बघितलं.

"बेनितो, तू मोजत होतास. तू सांग."

मी म्हणालो, "एक."

तिथेच हात वर झाले. एकोणीस हातांच्या फरकानं झुंजी वाचल्या. बाहेर मंडळानं वाइनच्या बाटल्या उघडल्या. सेवेरो भिंतीला टेकून एकटाच उभा होता. मी मोठ्या तोऱ्यात गेलो, त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, वाचवलं की नाही लेका तुला?

"मी पाच म्हणायला आलो होतो रे," तो म्हणाला. "माझ्या तोंडून निघेना, म्हणून तुला विचारलं. तेव्हा तर तू बाकावर चढून सांगत होतास."

कोटाची बटणं लावून तो निघून गेला. हल्ली मटण मी शेजारच्या गावाहून आणतो. बायकोनं विचारलं तर म्हणतो, तिथलं कोवळं असतं.